लोकांची झोप बघताना कळलेलं

पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या स्लीप लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. रात्री माणसं आमच्याकडे झोपायला येतात आणि मी शेजारच्या खोलीत बसून त्यांचा मेंदू, डोळे, श्वास, हृदय आणि पायांचे स्नायू पडद्यावरच्या रेघांमध्ये बघत असते. वर्षानुवर्षं हे काम केल्यावर झोपेबद्दल काही गोष्टी मनात पक्क्या झाल्या आहेत. त्यातली मुख्य गोष्ट अशी की झोप आपण घेत नाही, ती मेंदू आणतो. त्यासाठी त्याचा स्वतःचा हिशोब असतो. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत त्या हिशोबात कुठेतरी अडथळा आलेला असतो, आजाराने, कामाच्या वेळांनी किंवा घरच्यांच्या समजुतींनी.

१. झोपेत मेंदू बंद होत नाही

लॅबमध्ये येताना डोक्याला तेल लावू नका, असं आम्ही फोनवर आवर्जून सांगतो. तेलकट केसांत इलेक्ट्रोड टिकत नाही. नाकाच्या मुळापासून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंत टेप लावायची, त्या अंतराच्या दहा आणि वीस टक्क्यांवर पेन्सिलीने खुणा करायच्या, केस बाजूला सारून कातडी हलकेच घासायची, पेस्ट भरून इलेक्ट्रोड दाबून बसवायचा. मग हनुवटी, डोळ्यांच्या कडा, पाय, छाती, पोट, बोट. सगळं जोडून झालं की स्पीकरवरून सूचना द्यायच्या: काका, डोळे मिटा, उघडा, डावीकडे बघा, उजवीकडे बघा, दात आवळा, घोरल्यासारखा आवाज काढा. मग दिवा बंद.

पडद्यावर एका वेळी तीस सेकंद दिसतात. डोळे मिटून जागं असलेल्या माणसाच्या डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला आठ ते तेरा लाटांची नीटस लय चालू असते. ती विस्कटते, मिटलेले डोळे संथपणे इकडून तिकडे फिरू लागतात, आणि माणूस झोपेत शिरतो. काही मिनिटांत स्पिंडल दिसू लागतात. जेमतेम सेकंदभराचे हे झुबके थॅलॅमस नावाच्या भागातून उठतात. बाहेरचे आवाज मेंदूच्या पृष्ठभागापर्यंत जाण्याची वाट ज्या भागातून आहे, तोच हा भाग. त्यानंतर मोठ्या, संथ लाटा येतात. असंख्य पेशी एकदम गप्प होतात आणि एकदम बोलतात, म्हणून त्या एवढ्या उंच असतात. ही गाढ झोप. आणि तास-दीड तासाने सगळं पालटतं. लाटा लहान आणि वेगवान होतात, जवळपास जागेपणासारख्या. हनुवटीची रेघ सपाट पडते आणि डोळे पापण्यांआड झपाझप धावू लागतात. ही रेम झोप, स्पष्ट आणि रंगतदार स्वप्नांची.

१९५३ साली शिकागोत युजीन अ‍ॅसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी डोळ्यांची ही धाव जगापुढे मांडली. अ‍ॅसेरिन्स्कीने त्याआधी स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलाला इलेक्ट्रोड लावून रात्री काढल्या होत्या. तोवर अनेक शास्त्रज्ञ असं धरून चालत की बाहेरून काही येईनासं झालं की मेंदू विझतो आणि तीच झोप. पडद्यासमोर एक रात्र बसलेल्या माणसाला हे पुन्हा कधी पटणार नाही.

२. दमणं वेगळं, झोप येणं वेगळं

‘दिवसभर राबतो, अंग दुखतं, पण पडलं की झोप नाही,’ हे वाक्य मी फार ऐकते. झोपेचा दाब अंगमेहनतीपेक्षा जागेपणाच्या तासांवर वाढतो. पेशी काम करताना एटीपी हे इंधन वापरतात आणि त्यातून अ‍ॅडेनोसिन सुटं होतं. जितकं जास्त वेळ जागं राहावं तितकं ते मेंदूत साचतं, आणि जाग ठेवणाऱ्या पेशींना हळूहळू शांत करतं. झोपेत ते उतरतं. १९९७ मध्ये मांजरांच्या मेंदूत ते जागेपणी चढताना आणि झोपेत उतरताना मोजलं गेलं. त्याच्या कितीतरी आधी, १९८२ मध्ये, झुरिकच्या अलेक्झांडर बोर्बेली यांनी या दाबाचा आराखडा मांडला होता. तो आराखडा मला रोज पडद्यावर दिसतो: जास्त वेळ जागलेल्या माणसाच्या पहिल्या गाढ झोपेतल्या लाटा जास्त उंच असतात.

म्हणून संध्याकाळी टीव्हीसमोर खुर्चीत तासभर डुलकी काढणाऱ्या आजोबांना रात्री अकराला झोप येत नाही, यात आजार शोधायची घाई करू नये. दाब खुर्चीतच खर्च झालेला असतो.

चहा-कॉफीचंही इथेच. कॅफिन अ‍ॅडेनोसिनच्या जागा अडवून बसतं. अ‍ॅडेनोसिन कमी होत नाही, फक्त त्याचा निरोप पोचत नाही. शरीरातलं निम्मं कॅफिन जायला साधारण पाच तास लागतात, कुणाला कमी, कुणाला बरेच जास्त. ‘मी रात्री जेवणानंतर कॉफी घेतो, तरी पडल्या पडल्या झोपतो,’ असं सांगणारे असतात आणि ते खरंच पटकन झोपतात. पण कॅफिन अंगात असताना संथ लाटांचा जोर कमी भरतो, आणि ते झोपणाऱ्याला कळायचा मार्ग नाही.

३. दाब असला तरी घड्याळाची वेळ व्हावी लागते

नवी माणसं लॅबमध्ये लवकर येतात आणि नऊलाच म्हणतात, ‘चला, झोपतो.’ रोज बाराला झोपणाऱ्याला नऊला झोप लागणं अवघड असतं. मेंदूतलं घड्याळ रोजच्या झोपेच्या आधीच्या दोन-तीन तासांत जागेपणाला सगळ्यात जास्त जोर देतं. दिवसभराचा दाब चढलेला असतानाही माणूस संध्याकाळी कामं उरकू शकतो, तो त्यामुळेच. म्हणून दिवा बंद करताना मी माणसाची रोजची वेळ विचारते आणि होता होईल तो तीच पाळते.

दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या थोडं वर, हायपोथॅलॅमसमध्ये हे घड्याळ आहे. नाव लांबलचक: सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस. हजारो पेशींचा तो पुंजका आहे आणि त्यातली प्रत्येक पेशी जनुकांच्या चढउतारातून स्वतः वेळ मोजते. त्या जनुकांचा छडा लावणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. आपल्याकडे मदुराईच्या विद्यापीठात प्रा. एम. के. चंद्रशेखरन यांनी गुहेतल्या वटवाघळांच्या घड्याळावर काम केलं, आणि माणसांना दिवसरात्रीचा पत्ता लागणार नाही अशा खोलीत ठेवून त्यांच्याही घड्याळावर. माणसाच्या घड्याळाचा स्वतःचा दिवस चोवीस तासांहून जरासा मोठा असतो. १९९९ मध्ये हार्वर्डच्या गटाने तो सरासरी २४ तास ११ मिनिटं मोजला. म्हणजे ते रोज थोडं मागं पडतं आणि रोज जुळवून घ्यावं लागतं.

जुळवतो तो प्रकाश. डोळ्याच्या पडद्यात चित्र बघण्याच्या पेशींखेरीज फक्त उजेड मोजणाऱ्या वेगळ्या पेशी आहेत, हे २००२ मध्ये सिद्ध झालं. त्या शाबूत असतील तर दृष्टी गेलेल्या काही माणसांचंही घड्याळ प्रकाशाने जुळतं. सकाळचा उजेड घड्याळ पुढे ओढतो, रात्रीचा मागे ढकलतो. आणि उजेड म्हणजे बाहेरचा उजेड: ढगाळ सकाळीही गच्चीवर घरातल्या ट्यूबलाइटच्या कित्येक पट प्रकाश असतो. रात्री उशिरापर्यंत झोप न येणाऱ्यांना आमचे डॉक्टर औषधाआधी सकाळी उठल्या उठल्या बाहेर जायला सांगतात, ते यासाठी.

रात्रपाळी करणारी म्हणून मला हा भाग अंगावर कळतो. सकाळी सातला मी बाहेर पडते तेव्हा दाब पूर्ण चढलेला असतो, आणि ऊन मेंदूला दिवस सुरू झाल्याचं सांगत असतं. मी काळा चष्मा लावते, रिक्षाने घरी जाते. रात्रभर जागून दुचाकी चालवायची नाही, हा माझा नियम आहे. मेंदू दाबापुढे दोन-चार सेकंद झोपून घेतो, डोळे उघडे असले तरी. खोलीला जाड पडदे आहेत. तरीही दिवसाची झोप तुटक आणि तोकडी असते, कारण घड्याळ तेव्हा उलट दिशेला जोर लावत असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीच्या कामाला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तिथेच ठेवलं. कारखान्यांत, रुग्णालयांत पाळ्या लावणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पाळ्या फिरवायच्याच असतील तर सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने फिरवा. घड्याळ मागं पडणं सोपं असतं, पुढे ओढणं अवघड. एका पाळीतून सुटलेल्या माणसाला आठ तासांत पुन्हा कामावर बोलावू नका.

४. ज्याला आपण आळस म्हणतो तो कधीकधी मेंदूतला एक बिघाड असतो

पहिल्या महायुद्धाच्या काळात व्हिएन्नात एक विचित्र मेंदूज्वर आला. काही रोगी आठवडेच्या आठवडे झोपून राहत, काहींना झोपच येत नसे. कॉन्स्टॅन्टिन फॉन इकोनोमो यांनी मरण पावलेल्यांचे मेंदू तपासले. अतिझोपेच्या रोग्यांत हायपोथॅलॅमसच्या मागच्या बाजूला इजा होती, निद्रानाशाच्या रोग्यांत पुढच्या बाजूला. कुठलंही स्कॅन नसताना त्यांनी सांगितलं की पुढे झोपेचं केंद्र आहे आणि मागे जागेपणाचं. १९९६ मध्ये क्लिफर्ड सेपर यांच्या गटाला पुढच्या बाजूला झोप आणणाऱ्या पेशी सापडल्या. या पेशी जागेपणाच्या केंद्रांना दाबतात, आणि ती केंद्रं यांना दाबतात. दोघांपैकी एकाचंच चालतं, दिव्याच्या बटणासारखं: चालू किंवा बंद, मध्ये काही नाही. म्हणून निरोगी माणूस अर्धवट झोपेत फार वेळ लटकत नाही.

हे बटण जागेपणाच्या बाजूला धरून ठेवतं ते ओरेक्सिन हे रसायन. १९९८ मध्ये दोन गटांना ते स्वतंत्रपणे सापडलं, म्हणून त्याला हायपोक्रेटिन असंही नाव आहे. पुढच्याच वर्षी स्टॅनफर्डमध्ये एमॅन्युएल मिन्यो यांनी दाखवलं की खेळता खेळता कोसळून झोपणाऱ्या डॉबरमन कुत्र्यांत याच व्यवस्थेचं एक जनुक बिघडलेलं असतं. २००० मध्ये कळलं की नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा आवरता न येणाऱ्या झोपेचा आजार, झालेल्या माणसांत ओरेक्सिनच्या बहुतेक पेशी नाहीशा झालेल्या असतात.

एका कॉलेजातल्या मुलीला तिची आई घेऊन आली होती. वर्गात झोपते, बसमध्ये झोपते, जेवताना पेंगते, परीक्षेत झोपली. अभ्यास टाळते, मोबाइल बघत जागते, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. मैत्रिणींबरोबर जोरात हसली की तिचे गुडघे वळत आणि ती खाली बसे, शुद्धीवर असूनही. घरच्यांनी ते नाटक समजलं, नंतर एका बुवाकडे नेलं. आमच्याकडे रात्रीच्या तपासणीनंतर दुसऱ्या दिवशी तिची दिवसाची चाचणी झाली: दर दोन तासांनी एकदा, अशा पाच वेळा, काळोख्या खोलीत वीस मिनिटं पडून राहायचं. निरोगी माणूस एखाद्या वेळी झोपतो, एखाद्या वेळी जागाच राहतो. ही मुलगी दर वेळी काही मिनिटांत झोपली, आणि झोपल्याबरोबर हनुवटीची रेघ सपाट, डोळ्यांची धाव सुरू. जी रेम झोप एरवी तास-दीड तासाने येते ती तिला दारातच भेटत होती. हसताना गुडघे वळणं हेही त्यातलंच: स्नायू सैल करणारी रेमची व्यवस्था जागेपणी मध्येच चालू होते.

रिपोर्ट डॉक्टर देतात, मी देत नाही. पण तपासणीनंतर ती आई माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘सिस्टर, म्हणजे ही आळशी नव्हती?’ तिला त्या मुलीला मारलेलं आठवत होतं. नार्कोलेप्सी ओळखायला अनेकदा वर्षं जातात, आणि ती वर्षं मुलं शिव्या खात काढतात. वर्गात रोज झोपणारं मूल दिसलं तर शिक्षकांनी शिक्षेआधी एक प्रश्न विचारावा: हसताना अंगातलं बळ जातं का?

५. परक्या ठिकाणी पहिली रात्र अर्धीच लागते

लॅबमधली पहिली रात्र घरच्यासारखी कधीच नसते, हे आम्ही धरूनच चालतो. २०१६ मध्ये ब्राउन विद्यापीठात दिसलं की नव्या जागेतल्या पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धा भाग गाढ झोपेतही उजव्याइतका खोल जात नाही आणि बारीक आवाजालाही दाद देतो. दुसऱ्या भेटीत फरक उरत नाही. लग्नाच्या हॉलवर किंवा पाहुण्यांकडे झोप लागली नाही म्हणून कुणी काळजी करू नये. मेंदू पहारा देत असतो.

६. रात्रीचे दोन भाग सारखे नसतात

नव्वदेक मिनिटांचं एक, अशी चार-पाच चक्रं रात्रभरात होतात. गाढ झोपेचा बहुतांश भाग रात्रीच्या पहिल्या एक तृतीयांशातच उरकतो. वाढीच्या संप्रेरकाची मोठी लाटही तेव्हाच येते. रेम झोप दर चक्राला वाढत जाते आणि तिचा मोठा वाटा पहाटे असतो. त्यामुळे झोपेतून दोन तास कापले तर ते सगळ्या प्रकारांतून सारखे कापले जात नाहीत. चारला उठणाऱ्याची रेम जाते.

मी हे मुख्यतः घरातल्या बायकांसाठी लिहिते आहे. नळाला पाणी पहाटे येतं, डबे सहाच्या आत व्हायला लागतात, रात्री सगळे जेवून भांडी आवरेपर्यंत साडेअकरा. वर्षानुवर्षं पहाटेचे ते तास एकट्या तिच्या झोपेतून जातात. रेम झोपेत मेंदूतला नॉरअ‍ॅड्रिनलिन या ताणाच्या रसायनाचा झरा जवळपास पूर्ण थांबतो. चोवीस तासांत असा निवांतपणा दुसऱ्या कुठल्या वेळी मिळत नाही. दिवसभरातल्या भावनांची धार त्या वेळी बोथट होते, असं मानायला आधार आहे. ‘चिडचिड फार होते’ म्हणून येणाऱ्या मावशींना मी आधी विचारते की घरात पाणी कोण भरतं. घरातल्या कुणी आठवड्यातून तीन दिवस ते काम घेतलं तर ती औषधाइतकीच मोठी मदत आहे.

७. घोरणं ही गाढ झोपेची खूण नव्हे

‘यांना कसला झोपेचा त्रास? पडले की घोरायला लागतात,’ असं सोबत आलेल्या काकू सांगतात. मग मी त्यांना पडदा दाखवते. घोरणं चढत जातं आणि एकदम थांबतं. नाकाखालच्या नळीची रेघ सपाट. छाती आणि पोटाचे पट्टे मात्र हलत असतात, जोर लावून हलत असतात: माणूस श्वास घ्यायचा प्रयत्न करतोय आणि घसा मिटलेला आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जागा अरुंद असेल तर वाट बंद होते. दहा सेकंद, वीस, चाळीस. रक्तातला ऑक्सिजन उतरायला लागतो, कार्बन डायऑक्साइड चढतो. मेंदूच्या देठातल्या पेशींना ते कळतं आणि त्या मेंदूला हलवून उठवतात. पडद्यावर तीन-चार सेकंद जागेपणाच्या लाटा, एक मोठा फुत्कार, श्वास सुरू, आणि माणूस पुन्हा झोपेत. त्याला यातलं सकाळी काहीही आठवत नाही.

तासाला पाचपर्यंत असे अडथळे चालण्यासारखे. पंधराच्या वर मध्यम, तीसच्या वर तीव्र. तीस म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा मेंदू उठतो. त्याला संथ लाटांपर्यंत उतरायला वेळच मिळत नाही. आठ तास अंथरुणात काढून माणूस दिवसा सिग्नलला गाडीत पेंगतो. रात्री तीन-चारदा लघवीला उठावं लागणं हेही अनेकदा यातूनच येतं. बंद घशाविरुद्ध ओढल्याने छातीतला दाब बदलतो, हृदय ताणलं जातं आणि पाणी बाहेर टाकायचा निरोप मूत्रपिंडाला देतं. लोक साखर तपासतात, प्रोस्टेट तपासतात, घोरण्याबद्दल कुणी विचारत नाही.

बायकांत हे आणखी लपतं. पाळी गेल्यानंतर त्यांच्यातलं प्रमाण वाढतं, पण त्या घोरण्याची तक्रार घेऊन येत नाहीत. थकवा, डोकेदुखी, रात्री जाग येते, एवढंच सांगतात, आणि त्यांना टॉनिक मिळतं.

उपाय आहे. १९८१ मध्ये सिडनीत कॉलिन सुलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरून नाकातून हवेचा हलका दाब दिला आणि घसा उघडा राहिला. आजचं सीपॅप यंत्र त्यातूनच आलं. मास्क बघून माणसं घाबरतात. पण दाब नीट बसला की पडद्यावर जे होतं ते बघायला मला अजूनही आवडतं. घोरणं थांबतं, ऑक्सिजनची रेघ सरळ होते, आणि कित्येक वर्षं अडलेली गाढ आणि रेम झोप लांबच लांब पट्ट्यांनी येते. मेंदू थकबाकी वसूल करत असतो.

८. छातीवर बसणारं भूत

रात्री जाग आली, डोळे उघडे, खोली दिसतेय, पण हातपाय हलेनात, छातीवर कुणीतरी बसलंय. गावाकडे याला भूत दाबतं म्हणतात, आणि ज्याला हे झालंय त्याची भीती अगदी खरी असते. रेम झोपेत मेंदूच्या देठातून निरोप जातो आणि हातापायांचे स्नायू लुळे होतात, म्हणजे स्वप्नात धावताना आपण पलंगावरून पडत नाही. श्वासपटल आणि डोळे तेवढे चालू राहतात. क्वचित जाणीव आधी उठते आणि हा लुळेपणा मिनिटभर मागे रेंगाळतो. छातीचे स्नायू सैल असल्याने दडपण वाटतं, आणि उरलेलं स्वप्न त्या दडपणाला चेहरा देतं. झोप अपुरी असताना आणि उताणं झोपल्यावर हे जास्त होतं. आपोआप सुटतं.

याच्या उलटही घडतं. फ्रान्समध्ये मिशेल झुव्हे यांनी मांजरांच्या मेंदूतली ही लुळेपणाची जागा निकामी केली, तेव्हा ती झोपेतच शिकार करू लागली. माणसांतला तसाच आजार १९८६ मध्ये नोंदला गेला. साठीनंतरचा माणूस झोपेत ठोसे मारू लागला, ओरडून उठू लागला, शेजारी झोपणाऱ्याला लागलं, तर ‘वाईट स्वप्नं पडतात’ म्हणून सोडू नका. न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. पार्किन्सनसारख्या आजारांची ही चाहूल अनेक वर्षं आधी लागलेली असू शकते.

९. स्वतःच्या झोपेचा अंदाज स्वतःला नीट येत नाही

सकाळी इलेक्ट्रोड काढताना काही जण म्हणतात, ‘सिस्टर, डोळ्याला डोळा लागला नाही.’ पडद्यावर साडेपाच तास झोप असते. ते खोटं बोलत नसतात. झोपेतही मेंदूचे काही भाग जास्त जागे असावेत आणि त्यांना ती सगळी रात्र जागेपण म्हणून आठवत असावी. त्यांना रिपोर्ट दाखवून ‘तुम्ही तर झोपलात’ म्हणणं मला क्रूर वाटतं. मी तसं म्हणत नाही.

दुसऱ्या बाजूचा गैरसमज जास्त घातक आहे. ‘मला सहा तास पुरतात.’ २००३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लोकांना चौदा दिवस रोज चार, सहा किंवा आठ तास झोपू दिलं. सहा तासवाल्यांचं लक्ष दिवसागणिक घसरत गेलं आणि शेवटी रात्रभर जागलेल्या माणसाच्या पातळीला आलं. पण आपल्याला किती झोप येतेय, हे विचारल्यावर त्यांचे आकडे पहिल्या काही दिवसांनंतर फारसे वाढले नाहीत. कमी झोपेची सवय होते असं वाटतं. खरं तर कमी झोप कळेनाशी होते. चार तास झोपणाऱ्या पुढाऱ्यांचं, उद्योजकांचं व्यासपीठावरून कौतुक होतं तेव्हा मला समोर बसलेल्या मुलांची काळजी वाटते.

१०. गोळीची झोप

सर्दीच्या जुन्या गोळ्यांनी गुंगी येते, कारण हिस्टामिन मेंदूत जाग ठेवायचं काम करतं आणि ती गोळी तेच अडवते. चिंतेवरच्या, झोपेच्या नेहमीच्या गोळ्या मेंदू शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचा जोर वाढवतात. माणूस झोपतो, पण संथ लाटा बसक्या होतात. काही दिवसांसाठी त्यांचा उपयोग आहे. वर्षानुवर्षं घेत असाल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांकडून हळूहळू कमी करून घ्या. जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून आता जगभर सांगितलं जातं ते वागणुकीचं: खरी झोप जितकी तितकाच वेळ अंथरुणात, झोप येत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत, आणि उठायची वेळ रोज एकच, रविवारीही. पहिले दोन आठवडे कठीण जातात. दाब पुन्हा साठू लागला की गाडी मार्गाला लागते.

११. वयाप्रमाणे घड्याळ सरकतं

तान्ह्या बाळाची निम्मी झोप रेमसारखी असते आणि दिवसरात्रीची लय बसायला दोन-तीन महिने लागतात. म्हातारपणी घड्याळ अलीकडे सरकतं, गाढ झोप उथळ होते. आजी पहाटे चारला उठून बसतात त्यात बिघाड नाही, त्या आदल्या रात्री साडेआठलाच पेंगत होत्या.

मधलं वय मात्र आपण समजून घेत नाही. वयात येताना घड्याळ मागं सरकतं आणि दाबही सावकाश चढतो. मेरी कार्स्काडन यांनी दशकानुदशकं हे मोजलं आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला रात्री अकराच्या आधी झोप येत नाही ती मोबाइल नसतानाही. मोबाइल ती आणखी लांबवतो, एवढंच. आणि या वयाला आठ ते दहा तास हवे असतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलं की या वयाच्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी सुरू करू नयेत.

आपल्या राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असं ठरवलं. मला त्याचा आनंद झाला. पण लहान मुलं आपणहून लवकर उठतात. ज्यांचं घड्याळ खरोखर मागं सरकलेलं असतं ती मुलं आठवी ते बारावीत आहेत, आणि त्या निर्णयात ती नाहीत. जानेवारीत पुण्या-मुंबईत सूर्य सातनंतर उगवतो. सातच्या वर्गाला निघालेलं मूल काळोखात बाहेर पडतं, घड्याळ जुळवणारा उजेड मिळायच्या आधी आणि रेमचा शेवटचा, मोठा हिस्सा पलंगावर सोडून. मग पहिल्या तासाला गणित.

मुलांना घेऊन येणाऱ्या आईवडिलांना मी म्हणते, पालकसभेत उभे राहा आणि विचारा की दहावीचा जादा तास सकाळी साडेसहाला का, दुपारी का नाही.